पडद्यामागच्या पेट्या

आमच्या घरात माणसं तीन होती आणि पेट्या चार. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरलं की डाव्या हाताच्या बोळीत आमच्या दोन खोल्या आणि पुढं टिनाची पडवी. त्यातली मोठी खोली पेट्यांची. एकेक पेटी उभी केली की बाबांच्या छातीएवढी उंच, घरात आडवी निजवलेली, जाड प्लायवूडची, राखाडी रंग जागोजागी उडालेला, आणि समोरून आत वळत गेलेलं मोठं लाकडी तोंड. त्या तोंडाच्या तळाशी अंधारात दोन-दोन काळे स्पीकर. वर ठेवायचे दोन लोखंडी कर्णे वेगळे होते, मधाच्या पोळ्यासारखी, पण चौकोनी घरं पाडलेले, आणि त्यांच्या मागं वाटीएवढा दिसणारा पण दोन हातांनी उचलावा लागणारा, आवाज काढणारा जड ड्रायव्हर. लहानपणी मी एका पेटीच्या तोंडात बसून अभ्यास करायची. दुसरीवर आई उन्हातून आणलेले पापड पसरून ठेवी, तिसरीवर गोधड्यांची चवड, आणि चौथीवर मी निजायची. लोकांच्या घरी झोपायला पलंग असतात, हे मला बरंच उशिरा कळलं.

पेट्या अमरावतीच्या एका जुन्या टॉकीजमधल्या. पडद्याच्या मागं त्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या. प्रेक्षकांना नुसता आवाज माहीत, पेट्या कुणी पाहिलेल्या नव्हत्या. टॉकीज पाडायला काढली तेव्हा बाबा जठारपेठेत एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. आम्ही माळी. थोरले काका आणि मधले काका शहराबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी आणि झेंडू पिकवायचे. बाबाच एकटे तारांच्या नादी लागलेले. पेट्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा अख्खी बोळी गोळा झाली होती म्हणे. थोरल्या काकांनी एका पेटीत डोकं घालून पाहिलं आणि विचारलं, "नाऱ्या, कांदे भरतो का याच्यात?" बाबा म्हणाले, "दादा, याच्यातून मानूस बोलला तं मानसासारखा आयकू येते. भोंग्यातून तसा येत नाई." काका म्हणाले, "मानूस तं असाबी बोलते." ही गोष्ट आई मला वांग्याची भाजी चिरता चिरता सांगायची, आणि स्वतःच हसायची.

पण बाबांचं खरं होतं. त्या काळी अकोल्यात, अमरावतीत गाण्याचा कार्यक्रम असला की बांबूला भोंगे बांधत आणि गाणारा नाकातून गातोय असं ऐकू येई. बाबा आपल्या पेट्या स्टेजच्या दोन बाजूंना लावायचे, वर कर्णे, मागं आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्ववाल्या दोन मशिनी. मशिनींची ताकद आजच्या हिशेबानं हसण्याजोगी होती, पण पेट्यांची तोंडंच अशी घडवलेली की थोड्या ताकदीत आवाज दूरवर जाई, आणि दूर गेला तरी कर्कश होत नसे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटे, गाणारा उठून आपल्या शेजारी येऊन बसलाय. कव्वाली असो, भजन असो, बाहेरगावचे पंडित असोत, लोक म्हणत, "पेटीवाल्या नारायणरावले बोलवा." आवाज कमीजास्त करायचा मिक्सर स्टेजजवळ न ठेवता लांब तार टाकून श्रोत्यांमागं नेणारे बाबाच पहिले. "जेवण वाढणाऱ्यानं पंगतीत बसून पाहावं," असं ते म्हणायचे.

आईचा आवाज बारीक होता. ती ओरडली तरी शेजारच्या घरात जात नसे. तिच्या माहेरची माणसं महानुभाव पंथाची, आणि लहानपणापासून तिचं मन पंथाच्या तीर्थात, रिद्धपूरला. वर्षातून तीन-चार वेळा ती मला घेऊन तिथं जाई. तिथल्या एका मठाच्या अंगणात बायका धान्य निवडत, पोथी वाचत, आणि आई त्यांच्यात जाऊन बसली की तिचा चेहरा वेगळाच होई. घरी मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मी सोळा वर्षांची असताना एकदा परतीच्या एस.टी.त ती मला म्हणाली, "इंदू, मी आता तिथंच राहीन म्हणते. कायमची." मला वाटलं, सहज म्हणते आहे. मग तिनं माझा हात धरला. "तुह्या बाबाले माह्या तोंडानं सांगीन. तू मदात काई बोलू नको."

मी बोलले नाही. दोन महिने ते पोटात ठेवून कॉलेजात गेले, भाकरी थापल्या, बाबांना ताट वाढलं. दर वेळी वाटे, आज आई सांगेल. ती कधी सांगते आणि सांगितलंय की नाही, मला काही कळत नव्हतं. मग चैत्रातल्या एका सकाळी मामा आले, आई कापडी पिशवीत दोन लुगडी घालून तयार होती, माझ्या डोक्यावरून तिनं हात फिरवला आणि दोघं गेली. बाबा कामावरून दुपारी आले. अकोल्याची चैत्रातली दुपार म्हणजे टिनाखाली बसलं तरी डोळे भाजतात. त्यांनी मडक्यातलं पाणी घेतलं, इकडं तिकडं आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आई कुठं गेली?"

"रिद्धपूरले."

"कधी येते?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "येत नाई."

ते पेटीवर बसले. हातातला पेला खाली ठेवला. मग विचारलं, "तुले मालूम होतं?" मी मान खाली घातली. त्यांनी एवढंच पाहिलं, उठून हात धुतले आणि म्हणाले, "वाढ." आठ दिवसांनी मामा परत आले. बाबांशी पडवीत काही बोलले. मी आत चुलीपाशी होते, शब्द कळले नाहीत. मामा गेल्यावर बाबा पडवीतच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

त्यानंतरचं दीड वर्ष मला आजही लिहायला जड जातं. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, रागाचा शब्द नाही. मी स्वयंपाक करताना पाठमोऱ्या बाबांना काही विचारावं, तर ते वळतही नसत. पडवीतून हाक मारावी, तर उत्तर नाही. अगदी समोर जाऊन उभं राहिलं तर "हं" किंवा "पाहू", आणि पुन्हा हातातल्या कामात डोकं. अंबाडीची भाजी केली, "कशी झाली?" विचारलं, तर घास चावत राहिले. एकदा मी कुकर लावून हापशीवर पाणी आणायला गेले. जाताना सांगितलं होतं, "तीन शिट्ट्या झाल्या का बंद करा." परत आले तर घरभर जळका वास, कुकर काळा झालेला, आणि बाबा त्याच्यापासून सहा फुटांवर बसून स्पीकरच्या कॉईलला तार गुंडाळत होते. मी विचारलं, "काहून बंद नाई केला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं. "ध्यानात नाई राह्यलं," म्हणाले.

मी तो कुकर रेतीनं घासत बसले आणि मनाशी पक्कं केलं की हे माझ्यावरच आहे. मला आईचं माहीत होतं, मी सांगितलं नाही, म्हणून या माणसानं मला आपल्या जगातून काढून टाकलंय. दुसरी काही शंकाच आली नाही. त्या वयात माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतो. हळूहळू मीही बोलणं सोडलं. घरात आवाज उरले ते पंख्याचे, नदीकडून येणाऱ्या धुण्याच्या धोपटण्याचे, आणि तारांना कथलाचा डाग लावताना राळ चरचरते तेवढे. कॉलेजातल्या मुली घरी यायच्या नाहीत. आईबद्दल बोळीत नाना गोष्टी फिरत होत्या. संध्याकाळी मी माझ्या पेटीवर पाय दुमडून बसायची आणि समोरच्या पेटीवर बाबा. मधे तीन फूट जागा. त्या तीन फुटांत मी जितकी एकटी होते, तितकी पुढं बाबा गेल्यावरही झाले नाही.

कामावर मात्र आम्ही बरोबर जायचो. चुलतभावांनी मळा धरला होता, उचलायला हमाल मिळत, पण माईक आणि तारा समजणारं दुसरं कुणी नव्हतं. बाबांनी मला ते काम हातानं शिकवलं, तोंडानं नाही. माईक धरून दाखवायचे, माझं मनगट धरून वळवायचे, तार गुंडाळताना पीळ कसा पडू द्यायचा नाही ते स्वतः गुंडाळून दाखवायचे. मला वाटे, माझ्यावर शब्द खर्चायचे नाहीत म्हणून. पण मी शिकले. कुठली पेटी भिंतीपासून किती दूर ठेवली की तबल्याचा डग्गा गुबगुबत नाही, कर्णा किती खाली झुकवला की पुढच्या रांगेच्या डोक्यावरून जात नाही, हे सगळं त्या मुक्या दीड वर्षातलं.

आणि त्याच दीड वर्षात आमचा आवाज बिघडत गेला. पेट्या तीक्ष्ण वाजू लागल्या. बाबा ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांचं, बटण वर वर नेत. मूर्तिजापूरच्या एका भजनी मंडळाचा म्होरक्या त्यांना म्हणाला, "नारायणराव, कानात सुई टोचल्यावानी वाटून राह्यलं ना हो." बाबा हसले आणि मान डोलावली. लोक म्हणू लागले, पेट्या जुन्या झाल्या, आता दम नाही. गावात नव्या पार्ट्या आल्या होत्या, छोटे चकचकीत काळे डबे घेऊन; बोलावणी त्यांना जाऊ लागली. बाबा एकेक कर्णा उतरवून ड्रायव्हर उघडायचे, आतला पातळ पडदा फुंकून साफ करायचे, पुन्हा लावायचे. त्यात बिघाड नव्हताच. ते घरी नसताना मी एकदा कॅसेट लावून बटणं सरळ मधोमध ठेवली, तर पेट्या पहिल्यासारख्या गोड वाजल्या. मी ऐकत उभी राहिले आणि मला रडू आलं. मला वाटलं, यांना आता कशाचंच काही वाटत नाही. मी, काम, पेट्या, काहीच नको आहे.

आता इथं थोडं थांबते. परवा अमरावतीची चार-पाच पोरं आली होती. जुन्या पेट्यांवर गाण्याच्या बैठका करतात, त्यांना त्याचं वेड. "मॅडम, हा आवाज नव्यात मिळत नाही," म्हणाली. मी त्यांच्यासोबत अधूनमधून जाते. आता मोठ्या मैदानात एकाखाली एक डबे टांगून केळीच्या घडासारखे लोंबवतात, आणि मिक्सर चालवणारा मोबाईलसारख्या पाटीवर बोट फिरवत हिंडतो. चांगलं वाजतं तेही. उगाच नावं ठेवणार नाही. पण पोरांनी बैठक संपल्यावर विचारलं, "तुम्ही दर वर्षी कान तपासून का घेता?" तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर पुढं आहे.

हिवाळ्यातल्या एका रविवारी अमरावतीत एका संगीत मंडळानं सकाळचं गाणं ठेवलं होतं. गायिका सत्तरीच्या पुढच्या, बाहेरगावच्या, मोठ्या नावाच्या. सगळे त्यांना नुसतं "बाई" म्हणत, मीही तेच म्हणते. बाई पूर्वी एकदा अकोल्यात बाबांच्या पेट्यांवर गायल्या होत्या, आणि त्यांनी मंडळाला निरोप धाडला होता की ते सिनेमातले जुने खोके असतील तरच मी गाते. मंडळाचे सचिव नाराज होते. आमच्या पेट्या बिघडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. आम्ही रशीदचाचाच्या मेटॅडोरमधून सामान उतरवत होतो तेव्हाच हॉलच्या फाटकापाशी नव्या पार्टीची गाडी उभी दिसली. सचिव मला म्हणाले, "घाबरू नको. पण काही झालं तर आमची तयारी असलेली बरी." बाबांनी ती गाडी पाहिली. त्यांच्या लक्षात यायला सांगावं लागलं नाही. इथून पेट्या उतरवून न्याव्या लागल्या तर पुन्हा त्या कुठं चढणार नव्हत्या.

नऊच्या सुमाराला उंच खिडक्यांतून ऊन आत आलं. लोक शाली पांघरून येऊन बसू लागले. स्टेजच्या पुढच्या कडेला झेंडूच्या कुंड्यांची रांग लावली होती. बाई येऊन बसल्या, मी माईक त्यांच्या तोंडापाशी वळवला, दुसरा खाली मांडीवरच्या स्वरमंडलाला. बाबा हॉलच्या पार मागं, टेबलावर मिक्सर घेऊन. बाईंनी स्वरमंडलावरून बोटं फिरवली.

काचेची परात फरशीवर पडावी तसा आवाज आला. साथीच्या हार्मोनियमवाल्यानं बोटं आखडून मान वळवली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कान झाकले. बाईंनी हात वर करून बोटानं खूण केली, कमी करा. मी मागं पाहिलं. बाबांनीही हात वर केला, कळलं म्हणून, आणि बटण उलट वर फिरवलं. आवाज अजून वाढला. बाई पुन्हा तारा छेडत होत्या, आणि मग माईकनं शिट्टी धरली. बारीक, लांब, डोक्यात घुसणारी. अख्खा हॉल कानांवर हात ठेवून मागं वळला, आणि तिथं माझे बाबा स्वस्थ बसलेले, स्टेजकडे पाहत, काही ऐकू येण्याची वाट पाहत असल्यासारखे.

मी धावले. मधल्या वाटेनं धावताना लोकांचे चेहरे दिसले, सचिव दाराकडे हात करून ओरडत होते, "ती दुसरी गाडी आत घ्या." मी टेबलापाशी पोचले. बाबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाईले सांग, स्वरमंडल वाजवून दाखवा म्हणा. ते वाजल्याबिगर मले आवाज बसवता येत नाई."

शिट्टी चालू होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आणि पुढच्या दोन-तीन क्षणांत दीड वर्षाचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

मी त्यांच्या समोर आले. तोंड उघडून, सावकाश म्हटलं, "बाई वाजवून राह्यल्या, बाबा. मघापासून."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मग स्टेजकडे. कुंड्यांच्या वरून बाईंचा खांदा हलताना तेवढा दिसत होता. मग त्यांनी कान झाकलेली माणसं पाहिली, एकेक रांग. त्यांचा हात अजून बटणावर होता. मी त्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला, खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बस."

मी बसले. शिट्टी आधी बंद केली, मग ट्रेबल खाली आणलं, मधोमध, मग अजून थोडं.  सचिव माझ्या खांद्यापाशी येऊन म्हणाले, "पोरी, उठ, लोक खोळंबलेत." स्टेजवरून बाईंनी पुन्हा बोटं फिरवली. आता हॉलभर पाण्यावर ऊन पडावं तसे सूर पसरले. बाईंनी डोळे मिटून पुन्हा एकदा छेडलं आणि माईकमध्ये म्हणाल्या, "हं. हे माझं स्वरमंडल. आता कुणी काही हलवू नका. सचिव, तुम्हीसुद्धा बसा." लोक हसले. सचिव बसले.

बाईंनी तोडी घेतली. त्यांचा आवाज थकलेला होता, वरच्या सुरात थोडा फाटायचा, आणि पेट्यांनी ते फाटणंही जसंच्या तसं, न लपवता, शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. मी तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि तो माझ्या बोटांखाली होता. मला तो कुणाला तरी सांगावासा वाटत होता. शेजारची जागा रिकामी होती. बाबा स्टेजच्या बाजूला डाव्या पेटीमागं जाऊन उभे होते, तिच्या लाकडावर तळवा टेकवून, आणि गाणं संपेपर्यंत तसेच राहिले. गाणं संपल्यावर बाई त्यांच्याजवळ आल्या, कितीतरी वेळ काही बोलल्या. बाबा हसत होते आणि मान डोलावत होते. त्यांना त्यातला एक शब्दही पोचत नव्हता, हे आता मला दिसत होतं.

परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे रशीदचाचानं एका हॉटेलापाशी गाडी लावली. आलुबोंडे आले, तळलेल्या मिरच्या आल्या. बाकावर आम्ही तिघं. मी विचारलं, "बाबा, कवापासून?"

"काय?"

"कानाचं! कवापासून?" मला ओरडावं लागलं. शेजारच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

बाबांनी ताटली जवळ ओढली. "तीन-चार वर्सं झाले असतीन. पह्यले चिमण्या गेल्या. मले वाटलं, उन्हाळा हाय, नसतीन आल्या. मंग तुह्या आईचं बोलणं गेलं. गडीमानसाचं येते थोडंबहुत. बाईमानसाचं नाई. तुहं तं बिलकुल नाई, तू तिच्यासारखीच बारीक बोलते."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"पेटीवाला बहिरा झाला म्हटल्यावर कोन बलावन?"

मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, "मले वाटलं तुमी माह्यावर रागावले. आईचं मले पह्यलेच मालूम होतं. मी तुमाले सांगतलं नाई म्हणून." ते त्यांना कळेना. मी पुन्हा, अजून मोठ्यानं म्हटलं. दीड वर्ष उशाशी घेऊन झोपलेली गोष्ट अशी भर हॉटेलात ओरडून सांगावी लागली. रशीदचाचानं चहा तसाच ठेवला आणि "टायर देख के आता हूं" म्हणत उठून गेला.

बाबांनी बोंडा मोडला, खाल्ला नाही. "तिनं मले इचारलं होतं, इंदू."

"काय इचारलं?"

"जाऊ का म्हणून. तुह्या मामानं सांगतलं मले, मागून. तो म्हणे, भाऊजी, तुमी तं हो म्हटलं होतं. ती म्हणे माह्या मांग उभी राहून बोलली. मी कर्ण्याचं काम करून राह्यलो होतो. काईतरी बोलून राह्यली, एवढं समजलं. काय ते नाई. मले वाटलं, बजाराचं असन. म्या मान डोलावली."

रस्त्यावरून ट्रक जात होते.  मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "चाला, जाऊ. सांगू तिले."

"काय सांगू? का मी बहिरा हाय, म्हणून तू गेली?" ते माझ्याकडे वळले. "अन् ती तं खुशीनं गेली ना वं. मी नाई म्हटलं असतं तं राह्यली असती. मंग बसली असती आपल्या घरात, माह्या मांग उभी राहून बोलत."

त्यानंतर मिक्सरवर मी बसू लागले. बाबा पेट्या लावायचे. कुठली कुठं, किती वाकवून, हे त्यांच्या इतकं कुणाला कळत नव्हतं, आणि त्याला कान लागत नाहीत. "आवाज पोरगी पाह्यते," असं ते आता लोकांना स्वतःच सांगत. पहिल्यांदा सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. काही बोलावणी त्यामुळं गेली, काही बाईंच्या त्या गाण्यामुळं आली. घरी मी त्यांच्या समोर बसून बोलायला शिकले, खालच्या सुरात, छातीतून. जाड आवाज त्यांना पोचे. सवयीनं माझा आवाजच तसा झाला. फोनवर लोक मला अजून "साहेब" म्हणतात. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नाचं कुठं जमलं नाही, मीही फार धडपड केली नाही. घरात दिवसदिवस बोलण्याची वेळ येत नाही, आणि आली तर तोच जाड आवाज निघतो, जो ऐकायला आता कुणी नाही.

रिद्धपूरला आम्ही दोघं एकदाच गेलो. त्या गाण्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा स्वतःच म्हणाले, "चाल." वाटेत मी दोनदा विचारलं, सांगणार का? त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि या वेळी मला माहीत होतं की ते ऐकू आलं होतं. मठाच्या अंगणात ऊन होतं. आई बाहेर आली. केस कापलेले, चेहरा भरलेला, बरी दिसत होती. "दंडवत प्रणाम," म्हणाली. बाबांनी हात जोडले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले. आई खाली पाहत त्या बारीक आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुमी मले एका शब्दानं अडवलं नाई. लोकाइच्या घरी यावरून काय काय होते, मी पाह्यलं हाय. तुमचं मन मोठं. मी रोज आठवते."

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणते?"

मला वाटलं असतं तर मी तेव्हा आईला सगळं सांगू शकले असते. तोंडात आलंही होतं. पण मी बाबांच्या कानाशी वाकले आणि आईचे शब्द, एकही न गाळता, माझ्या जाड आवाजात त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकले. मान वर करून आईकडे पाहिलं. मग बोलले, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळणारी माणसं बोलतात तसं, इतक्या मोठ्यानं की धान्य निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, "समजून-उमजूनच हो म्हटलं होतं म्या. तू मनात काई ठेवू नको."

आईनं वाकून नमस्कार केला. आम्ही तिथं जेवलो, वरण-भात आणि दोडक्याची भाजी, आणि दुपारच्या एस.टी.नं निघालो. बाबा खिडकीपाशी होते. बाहेर वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मैलोन्मैल. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तिचा आवाज कसा हाय आता? मले तं निस्ते ओठ हालतांना दिसले."

एव्हाना मला आवाजातलं पुष्कळ कळू लागलं होतं. कुठं किती कमी, किती जास्त, हे मी डोळे मिटून सांगू शकायची. पण त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. "चांगला हाय," मी म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले. अमरावतीपर्यंत मी त्या एका आवाजासाठी शब्द शोधत राहिले, आणि मला सापडले नाहीत.